लाल पट्टीवाला गजानन परत येईल का?

प्रिय युसूफ,

रामराम, आणि तुझ्या पद्धतीनं सलाम.

आधी तब्येती विचारतो. तुझा गुडघा कसा आहे? तिकडं मशीनखाली शिरायची वेळ येत नसेल, म्हणजे दुखत नसावा. अम्मीचा दमा? पावसाळ्यात तिले जपावं लागायचं. तिकडं पावसाळा असतो का, मले माहीत नाही. आणि आपल्या गजाननचे डोळे? फवारणीच्या औषधानं शेवटी लालभडक राहायचे. आता तरी निवळले का? मी बरा आहे. साखर आहे, एका कानानं कमी ऐकू येतं, पण दुकानात रोज बसतो.

आजच लिहायची कारणं दोन. एक म्हणजे पुण्याहून नात आली आहे. ती सांगत होती, आपल्या मशीनवरच्या त्या मारामारीच्या गेमचा इतक्या वर्षांनी नवीन भाग निघून राह्यला, आणि मोबाइलवर सगळीकडं एकच वाद: जुन्यांपैकी कोण कोण परत येणार? ती हसत होती. माझा चहा मात्र बशीत तसाच राहिला.

हाच वाद आपल्या आर्णीच्या दुकानात किती रंगायचा, आठवतं? पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमच्या दोन मशीनी, मागे तुझं टीव्ही दुरुस्तीचं टेबल. पडद्यावरच्या पहिलवानांची इंग्रजी नावं कोणाले धड वाचता येत नव्हती. म्हणून जो ज्याच्यात पटाईत, त्याचंच नाव त्या पहिलवानाले पडायचं. जटावाला तो बबन. हातात पंखा घेतलेली बाई म्हणजे शेखचाचा, दाढीसकट! आणि कपाळाले लाल पट्टीवाला तो गजानन.

खरा गजानन तिशी ओलांडलेला बाप्या, पण बाजाराच्या दिवशी शेतातून सरळ आपल्याकडं. मशीनले हात लावण्याआधी दोन्ही तळवे पँटीले पुसायचा. जिंकला की पुन्हा पुसायचा. तू म्हणायचा, "अबे, मशीन हाय, पंगत नाही."

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. एका दुपारी गजानन फवारून घरी आला, पाण्याच्या माठाजवळ बसला, तो उठलाच नाही. माणूस गेला, पण पहिलवानाले त्याचं नाव चिकटून राहिलं. लोक तसंच म्हणायचे, "आज मी गजानन घेतो." ऐकताना माझ्या पाठीवरून काहीतरी सरकायचं. तुले नाही का तसं व्हायचं?

त्याच साली नागपुरात गेमच्या पुढच्या भागाचा, मशीनच्या पोटात बसवायचा नवीन बोर्ड आल्याची खबर लागली. आता कोण राहील, कोण गळेल? शेखचाचा म्हणे, पट्टीवाल्याची कहाणी मागच्या भागातच संपली, तो काही येत नाही. तू सोल्डरिंगची कांडी खाली ठेवून म्हणाला, तो मेला कुठं, पडद्याच्या कडेनं चालत गेला. चालत गेला तो चालत येईल. झालं! बाजारभर झालं की गजानन परत येणार, युसूफभाई सांगून राह्यले.

ते भाजीच्या दुकानावर गजाननच्या आईनं, वेणूबाईनं ऐकलं. पुढच्या बाजाराले ती धुतलेलं लुगडं नेसून आपल्या दारात उभी. फडक्यात भाकर बांधून आणली होती, लेकासाठी. मले वाटलं, तू तिले जवळ बसवून समजावशील, की मावशी, हे खेळातलं नाव आहे. तू तिच्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "येईल, मावशी. बोर्ड आला की येईल."

काहून असं बोलला तू, युसूफ? ती गेल्यावर मी तुले किती बोललो. तू एवढंच म्हणाला, तिले नाही म्हणणारे गावात लय आहेत. त्यावरून मी तुझ्याशी चार दिवस अबोला धरला. तेच आपले शेवटचे चार दिवस होते. माहीत असतं तर धरला असता का?

तू एकटाच नागपूरले गेला. येताना एसटीत खिडकीशी बसल्या बसल्या तुझं हृदय थांबलं. कंडक्टरले वाटलं, झोपला आहे. आर्णीच्या स्टँडवर तुले उतरवलं तेव्हा बोर्ड तुझ्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला. दोन्ही हात त्याच्यावर. ते मलेच सोडवावे लागले.

तू आणला म्हणून मी तो बसवला. पहिलवानांची यादी तीनदा मोजली. लाल पट्टीवाला त्यात नव्हता.

वेणूबाई आली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, नाही आला. ती भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक एकही नाही. कोणी खेळत नसलं की मशीन आपलीच आपण लढाई दाखवते, तशी दाखवत होती. आणि कडेनं तो चालत आला. लाल पट्टी. दोन फटक्यांत समोरच्याले पाडलं. मग हात वर करायचा सोडून त्यानं दोन्ही तळवे पँटीले पुसले.

"भाऊ," वेणूबाई हळूच म्हणाली, "हात पुसले पाहा त्यानं."

तिनं विचारलं, "तुम्हाले बी दिसला ना?"

मी म्हणालो, "मले काही नाही दिसलं, मावशी."

खोटं बोललो, युसूफ. त्या साली कोणत्या गावात सुतक नव्हतं? हो म्हणालो असतो तर दुसऱ्या बाजाराले सगळा तालुका आपापलं माणूस पाहायले दारात उभा राहिला असता. त्यांना मी काय दाखवलं असतं? तिनं भाकरीची गाठ पुन्हा आवळली आणि गेली. ती आली नाही, आणि पडद्यावर तोही पुन्हा आला नाही. महिनाभर मी त्या मशीनसमोर बसून होतो.

आणखी एक, हे तर घरातही कधी बोललो नाही. लढाईच्या मागे रंगवलेली माणसांची गर्दी असते ना, त्यात त्या दुपारी एक माणूस एक पाय लांब करून बसला होता. गुडघा दुखणारा बसतो तसा. त्याचं तोंड माझ्याकडं होतं. तू होता का रे तो? रागात होता का?

आता दुसरं कारण. वेणूबाई बाभुळगावले लेकीकडं अंथरुणाले खिळली आहे. लेकीचा फोन आला होता. म्हणाली, आई अजून तेच सांगते, आम्ही सगळे तिले भ्रमिष्ट समजत आलो. आता एकच हट्ट धरला आहे: दुकानवाल्या भाऊले दिसला होता का नाही, तेवढं विचारा. मले फोनवर बोलता आलं नाही.

तर तुले वचन देतो. सोमवारी सकाळच्या गाडीनं बाभुळगावले जातो. लेकीसमोर, जावयासमोर सांगतो, की मावशी, दिसला होता. हात पुसताना दिसला होता. लोक मलेही येडा म्हणतील, म्हणू दे.

पण मग ती नव्या भागाचं विचारेल, आता येईल का म्हणून. तुझ्यासारखं छातीठोक "येईल" म्हणणं मले जमत नाही. तिकडं काय ठरून राह्यलं, ते तुलेच माहीत. तेव्हा उत्तराले उशीर लावू नको, दोनच ओळी धाड. ती तिकडं पोचायच्या आधी तुझं पत्र इकडं पोचलं पाहिजे.

तुझा,
नामदेव