पिंजणाचा आवाज

॥ श्री ॥

सिल्लोड, ता. १५ ऑक्टोबर १९६७

चि. बद्रीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझा दिवाळी अंक पोचला. धाकट्या भावाचं नाव छापून आलं म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. गोष्ट वाचायच्या आधी वाटले, ते बरं झालं. नंतर वाटले नसते.

अरे, रझाकारांच्या दिवसांत वडील परगावी अडकलेले असताना शेजारच्या वहाबचाचांनी आईला, मला आणि तुला आपल्या कापसाच्या खोलीत लपवलं. तू पाच वर्षांचा, डांग्या खोकल्यानं बेजार. रझाकार गल्लीत आले की चाचा ओट्यावर पिंजण घेऊन कापूस पिंजत बसायचे, म्हणून तुझा खोकला बाहेर ऐकू गेला नाही. आणि तुझ्या गोष्टीत तेच पिंजण म्हणजे रझाकारांना खूण! शेवटी ते आईला ओढून नेतात आणि पिंजारी शांतपणे कापूस पिंजत राहतो. आपली आई म्हातारी होऊन, चाचांनीच भरून दिलेल्या गादीवर गेली, हे विसरलास?

नाव तेवढं गयास केलंस. बाकी तुटका दात, मेंदी लावलेली दाढी, दाराशी बांधलेली आंधळी शेळी, सगळं चाचांचं. माणूस जसाच्या तसा उचललास आणि त्यानं केलेलं काम तेवढं उलटं केलंस. औरंगाबादेत याला कला म्हणतात काय? आमच्याकडं दुसरं नाव आहे, पण पत्रात लिहवत नाही.

चाचा रोज विचारतात, बद्रीची गोष्ट कधी वाचून दाखवतेस. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. काय करू ते कळव. रागावले आहे, पण माया उणी झालेली नाही, तुझीही होऊ देऊ नकोस.

आवडाक्का

औरंगाबाद, ता. १८ ऑक्टोबर १९६७

ती. सौ. आक्कास बद्रीनाथचा शि. सा. नमस्कार. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, थोडं हसूही आलं. आक्का, हकीकत वेगळी आणि कथा वेगळी. मी आधी घडलं तसंच लिहिलं होतं. पुण्याच्या संपादकांनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, भला माणूस शेवटपर्यंत भलाच राहिला तर वाचक जांभई देतो. संघर्ष हवा, अखेरीस धक्का हवा. त्यांनी सुचवला तसा शेवट केला आणि कथा अंकात सर्वांत पुढं लागली. कॉलेजात प्राचार्यांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

गयास म्हणजे वहाबचाचा नव्हेत. जाणता वाचक असा सांधा जोडत नाही. शिवाय सिल्लोडात दिवाळी अंक वाचतो कोण? अंक हरवला म्हणून चाचांना सांगून टाक. भाऊबिजेला येतोच. तुझ्या रागावरही माझा हक्क आहे, तो राहू दे.

बद्रीनाथ

॥ श्री ॥

सिल्लोड, ता. २२ ऑक्टोबर १९६७

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद. अक्कल तुझी आणि खोटं बोलायचं मी, ही वाटणी छान आहे. मला जमलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी चाचा काठी टेकत आले, ओसरीवर बसले आणि आता ऐकवच म्हणाले.

शेळीपर्यंत तुझंच वाचलं. चाचा लई खूश. मी पिंजणाशी आले आणि पुढचं अक्षर तोंडातून निघेना. मग नजर पानावर ठेवली आणि घडलं तेच सांगत गेले, तुझ्यासारखी पुस्तकी भाषा करून. एकदा गयास म्हणायचं सोडून चाचाच म्हणून बसले. गोष्ट रचणं सोपं नाही, एवढं मान्य करते. पण तुझ्या संपादकांना कळव, चाचांनी जांभई दिली नाही.

चाचा रडले. मग म्हणाले, बद्रीनं एक चुकीचं लिहिलंय. खोकला झाकायचं त्यांच्या मनातच नव्हतं. भीतीनं हात थरथरत होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी पिंजण धरलं. खोकला झाकला गेला ती अल्लाची मेहरबानी. इतकी वर्षं गल्ली त्यांना शूर म्हणते, त्याची त्यांना शरम वाटते. अरे, एवढं सगळं शेजारच्या ओट्यावर पडलेलं होतं, आणि तू धक्का मागायला पुण्याला गेलास! एकदा येऊन विचारलं असतंस तर काय झिजला असतास?

आता मुद्द्याचं. चाचा अंक घेऊन गेले. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तो रुमालात बांधलाही. त्यांची नात कमरुन्निसा तिकडं मास्तरणीच्या ट्रेनिंगला असते, मराठीत वर्गात पहिली आहे. ती शनिवारी सुट्टीला घरी येतेय. तिच्याकडून ते गोष्ट पुन्हा ऐकणार आहेत, आणि ऐकायला सगळ्या गल्लीला बोलावून बसलेत.

भाऊबिजेची वाट बघू नकोस. शुक्रवारच्या एस.टी.नं ये. माझ्याकडं येऊ नकोस, थेट त्यांच्या घरी जा. काय सांगायचं ते मला विचारू नकोस, शब्द मी देणार नाही. लेखक तू आहेस.

लोभाचं शुक्रवारनंतर लिहीन.

आवडाक्का