दुपारचा टेप

लिंबायत, सुरत
४ मार्च १९९६

ती. सौ. मंदाताईस,
गजेंद्रचा सा. न. वि. वि.

आईला सांग, मी कॉलेज सोडलंय, जेवण सोडलेलं नाही. मामींच्या हातच्या कळण्याच्या भाकरीवर चांगला फुगलोय.

पण सुकदेवमामांच्या कोल्ड्रिंक हाऊसवर संकट आलंय. आमच्या टेपच्या आवाजाने जगणं मुश्किल झालं, दुकानाचं लायसन रद्द करा, असा अर्ज गल्लीने पोलिसांत दिला. आता लायसनवाले साहेब सुनावणी घेणार. मामांनी जन्मभर कापडाचे लूम चालवले, दोन्ही कान त्या खडखडाटात घालवले, तेव्हा कुठे हे दुकान उभं राहिलं. ते गेलं तर या वयात पुन्हा लूमवर उभं राहावं लागेल. मामी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

अर्जावर पहिली सही कोणाची, ओळख. समोरच्या चिंधाकाकांची, म्हणजे नूतनच्या वडिलांची! (नूतन कोण ते मागच्या पत्रात लिहिलंय. खरं तर मागच्या पत्रात दुसरं काही लिहिलंच नव्हतं.) मी कायद्याने वागतो, ताई. रात्री दहाला टेप बंद म्हणजे बंद. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं, तेवढंच मी स्पीकर तिच्या खिडकीकडे वळवून गाणी लावतो. पहिलं गाणं सुरू झालं की ती खिडकी लावून घेते. लाजते बिचारी. बापाने ते बघितलं असणार, म्हणून हा डाव. पण मीही आपल्या बोरी नदीचं पाणी प्यालोय.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ निकाल लागेपर्यंत तरी कमी करू नकोस.

तुझा,
गजेंद्र

*

अमळनेर
११ मार्च १९९६

चि. गजेंद्रस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, आई सोडून. ती सध्या माझ्याकडेच आहे. तुझं पत्र वाचून दाखवताना 'लायसन' शब्द आला आणि तिने डोळ्यांना पदर लावला. भावाने दारूचं दुकान टाकलं असं तिला वाटलं. गुजरातेत दारूबंदी आहे, असं तुझ्या दाजींनी समजावलं, तर म्हणाली, मग चोरून विकत असेल, त्याशिवाय पोलीस कशाला येतील? शेवटी दाजींनी लिंबूसोडा करून पाजला आणि तुझा मामा हेच विकतो म्हणून शपथ घेतली, तेव्हा गप्प झाली. आता रोज सोडा मागते.

तुला एक विचारते, लगेच भडकू नकोस. तुझ्या आयुष्यात डाव फार होतात रे. कॉलेजातून निघालास तो प्राचार्यांचा डाव होता, त्याआधी क्रिकेटच्या टीममधून निघालास तो पंचाचा. लाजून खिडकी लावणाऱ्या मुली मीही पाहिल्यात, एके काळी त्यांतलीच एक होते. त्या फट ठेवतात. नूतन ठेवते का? आणि चिंधाकाका कुठल्या पाळीला जातात?

पत्राचं उत्तर सरळ दे. लोभ भरपूर आहे, अक्कल तेवढी तिकडे शोध.

तुझी,
मंदाताई

*

लिंबायत, सुरत
१६ मार्च १९९६

ती. सौ. मंदाताईस, सा. न.

फट नाही ठेवत. आतून कडी घालते, आवाज इथवर येतो. पाळीचा इथे काय संबंध? रात्रपाळी आहे. अर्धी गल्ली रात्रपाळीची आहे.

केस आपण जिंकलीच समज. वकिलाच्या कारकुनाला सोडा पाजून विचारलं. आमच्या लायसनवर रात्री दहानंतरची बंदी आहे, दुपारबद्दल एक अक्षर नाही. साहेबांसमोर मी एवढंच बोलणार आणि खाली बसणार. चिंधाकाकांचं तोंड बघण्यासारखं होईल. नूतनला वाईट वाटेल थोडं, नंतर समजावेन.

घाईत आहे. लोभ धरून ठेव.

गजेंद्र

*

लिंबायत, सुरत
२४ मार्च १९९६

ती. सौ. मंदाताईस,
दोन्ही कान धरून सा. न. वि. वि.

सुनावणी झाली. साहेबांनी गुजरातीत विचारलं, त्रास किती वाजता होतो? सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, दुपारी. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, दुपारी कोण झोपतं? मी तर मनात पेढे वाटायला लागलो होतो.

तेवढ्यात चिंधाकाका उठले. नीट उभंही राहवत नव्हतं, नूतनने दंड धरला होता. साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुन्ही दुपार म्हंजे मन्ही रात शे." मग सांगितलं, मागच्या आठवड्यात चालत्या लूमवरच डुलकी लागली, हात थोडक्यात वाचला. शेठने बजावलंय, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघा.

मी मागे वळून बघितलं. अर्जवाल्यांचे सगळ्यांचे डोळे लाल. ज्या गल्लीत मला चिटपाखरू दिसत नव्हतं, ती सगळी दाराआड झोपायला धडपडत होती. आणि नूतन माझ्याकडे अशी बघत होती, की ताई, तू म्हणतेस ती अक्कल तिथेच सापडली.

साहेब म्हणाले, नियमात दुपार नाही, अर्ज निकाली काढतो. तर मीच ओरडलो, की साहेब, माझा विरोध आहे! साहेबांनी विचारलं, तू कोणत्या बाजूचा? मी म्हटलं, दुकानाच्याच. लायसन ठेवा, पण सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत टेप बंद, अशी अट घाला. मामांना यातलं काही ऐकू आलं नाही. मी ओरडलो म्हणजे जिंकलो असं धरून ते चिंधाकाकांना मिठी मारायला गेले. काका मिठीतच पेंगले. साहेब हसले आणि अट लिहून टाकली. मामी आता दोन भाकऱ्या खातात.

आज दुपारी दुकानात बसलो होतो. चिंधाकाकांचं घोरणं रस्ता ओलांडून येत होतं. आमच्या टेपपेक्षा मोठं आहे, पण मी अर्ज करणार नाही. समोरची खिडकी सताड उघडी. नूतन आत तांदूळ निवडत होती. मी ग्लास विसळायला घेतला तर तिने मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं. मी ग्लास खाली ठेवला.

गिऱ्हाईक येऊन सोडा मागेपर्यंत तो तसाच होता. त्यालाही मी खुणेनेच विचारलं, गोड की खारा.

आईला नमस्कार. तुझा लोभ असाच राहू दे, दुपारी मात्र जरा हळू आवाजात.

तुझा,
गजेंद्र