कुंदाच्या ऑपरेशनाचे सतरा प्रश्न

अंबरनाथ,
६ फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप सौ. वृंदाताईस, धाकट्या श्यामकांतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? (मागच्या खेपेस ते खोकल्याचं औषध मुरांब्यासारखं पोळीशी खात होते. तसं खाऊ नये.)

पत्रास कारण असं की, कुंदाला दोन वर्षं जो त्रास आहे (कोणता ते तुला ठाऊक आहे, माझ्या पेनातून उतरत नाही) त्यावर उल्हासनगर कॅम्प चारच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पिशवी काढायची. सांगितलं म्हणजे मला सांगितलं. कुंदाला "भाभी, जरा बाहेर बसा" म्हणाले आणि ती बाहेर बसली. मग काउंटरवरच्या मुलीने एक छापील फॉर्म पुढे सरकवला आणि पेशंटच्या मिस्टरांनी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली. आता तू जाणतेस, मी फॅक्टरीत बावीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे काय बनतं ते मला सांगता येत नाही, पण ते तपासल्याशिवाय मी सही करत नाही, एवढं सांगायला सरकारची हरकत नसावी. खिशातलं भिंग काढून मी फॉर्म वाचला. इंग्रजी, आणि अक्षरं मुंगीएवढी. मथितार्थ असा की डॉक्टर जे करतील ते करू द्यावं आणि पुढे जे होईल त्याला डॉक्टर सोडून कुणालाही जबाबदार धरावं. असला कागद आमच्या खात्यात आला असता तर भीमराव फोरमनने त्यात भजी बांधून नेली असती.

मी तसं (भज्यांचं वगळून) डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते दुखावले. "साईं, भरोसा नाही काय? वीस साल झाले इथे बसतो, आजतक कोणी फॉर्म वाचला नाही!" हे ते अभिमानाने म्हणाले. भरोसा आहेच, ताई. त्यांच्या हाताला गुण आहे, असं अख्खं अंबरनाथ म्हणतं. पण आमच्या मापाच्या यंत्रांवरही माझा भरोसा आहे, तरी रोज सकाळी ती आधी तपासतो. घरी येऊन मी सतरा प्रश्न काढले, कार्बन लावून तीन प्रतींत, आणि अर्धा दिवस रजा टाकून एकटाच परत गेलो. भूल उतरली नाही तर? रक्त लागलं तर कुणाचं? टाके पिकले तर? डॉक्टरांचं कौतुक करावं तेवढं थोडं, त्यांनी घड्याळ न बघता प्रत्येकाचं उत्तर दिलं. नवव्यापर्यंत मी लिहून घेतलं. दहावा प्रश्न, एक कापताना चुकून शेजारचं काय काय कापलं जाऊ शकतं, हा होता. उत्तर सुरू झालं आणि भिंतीवरचं चित्र फिरू लागलं. डोळे उघडले तेव्हा मी पेशंटच्या टेबलावर होतो आणि अंजना सिस्टर माझ्याच प्रश्नपत्रिकेने मला वारा घालत होती. उरलेले सात प्रश्न मी आडवा पडून, डोळे मिटून विचारले. सहीचं राहूनच गेलं.

बाहेर बाकावर ग्लुकोजचं पाणी पीत बसलो, तर शेजारी बारवीकडच्या पाड्यावरची रखमा म्हणून म्हातारी, सुनेला घेऊन आलेली. तिने माझी चौकशी केली. (लोकांना दुसऱ्याच्या आजाराची फार हौस.) सगळं ऐकून म्हणाली, "पोट तुजा हाय का तिचा? मंग तिलाच इचार ना." अडाणी बाई, तिला काय समजावणार? कुंदाला हे सगळं सांगितलं तर ती हाय खाईल. म्हणून मी तिला एवढंच सांगितलंय की अशक्तपणा आहे, दवाखान्यात चार दिवस राहून बाटल्या लावायच्या.

बाकी सल्लामसलत मी रीतसर केली. शेजारच्या शशिकांतचं मत, करून टाकावं. भीमराव म्हणतो, त्याच्या मेव्हणीची पिशवी काढली आणि ती दुसऱ्या महिन्यात दळण आणायला लागली. खात्यातले चौघे अनुकूल, दोघे प्रतिकूल, एक जण तटस्थ (त्याची बदली होणार आहे). दूधवाल्यालाही विचारलं. थोडक्यात, कुंदा सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे. आणि मला, ताई, जेवण जात नाही. ती समोर बसून भाजी निवडते आणि मला तो दहावा प्रश्न आठवतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्यामकांत

ता. क. – ऑपरेशन मंगळवारी, सोळा तारखेला आहे. तू आदल्या शनिवारीच ये आणि कुंदाला काय ते सांग. तू बाईमाणूस आहेस, तुला जमेल.

ता. क. २ – धोका काय असं तिने विचारलं तर काही नाही म्हण. प्रश्नांची पहिली प्रत कपाटात वर्तमानपत्राखाली आहे, तिच्या हाती लागू देऊ नकोस.

ता. क. ३ – वन्सं, नमस्कार. मी कुंदा. पत्र पेटीत टाकायला माझ्याचकडे दिलंय, न चिकटवता. कपाटातला कागद मला परवाच सापडला होता. प्रश्न चांगले आहेत. तोच घेऊन काल मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि सतराही विचारले. वर एक माझा विचारला, की नाही केलं तर काय? तो यांना सुचलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांवर आणखी सहा महिने काढता येतील, पण रक्त असंच जात राहील. मी दोन वर्षं काढलीत, आता नाही काढायची. फुलीच्या वर जागा होती, तिथे सही करून आले. भीती वाटते, खूप वाटते. यांना यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच घाबरतील. तुम्ही नक्की या. आत माझ्याजवळ सिस्टर असेल, बाहेर यांच्याजवळ कोणीतरी हवं.