धाकटीला ‘नंतर’ सांगायचं नाही

मी, या दुकानात उभी राहून आयुष्यभर इस्त्री केलेली बाई, वय चोपन्न, शाळा चौथीपर्यंत. पूर्ण शुद्धीवर आहे, तब्येत ठणठणीत आहे. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचं काय करायचं ते मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा जुनं दाखवायला कोणी येऊ नये.

१. राहती खोली, कपाट आणि बँकेतली ठेव माझ्या धाकट्या मुलीची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाकी सगळं कळतं. तिचा हिस्सा ‘सांभाळायला’ कोणी घेऊ नये. हे खास माझ्या दिरांसाठी लिहिलं आहे.

२. फोन उभा करायचं तारेचं स्टँडही तिचंच. तिची भाषा दोन हातांची. एका हातात फोन धरला की बोलणं अर्धं राहतं. म्हणून मी हँगरची तार वाकवून ते केलं. दिसायला वेडंवाकडं आहे, पण फोन पडत नाही.

३. यात द्यायचं काही नाही, पण लिहिणार. पूर्वी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलायला गेलं की चित्र अडकायचं, बोटांचा नुसता लगदा दिसायचा. ते सुधारणाऱ्या कंपनीत धाकटी कामाला लागली. तिथली इंजिनिअर बाई चित्र स्वच्छ करायच्या मागे होती. धाकटी म्हणाली, “चित्र थोडं पुसट चालेल, हात थांबता कामा नयेत.” मग दोघींनी डोकं लावलं: चेहरा आणि हात नीट दिसू देत, मागची भिंत कशी का दिसेना. आज साध्या फोनवर, नेट रडत असलं तरी, ऐकू न येणारी माणसं मनसोक्त भांडतात आणि भांडण मध्येच अडकत नाही. ही माझी पोरगी! तिला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांना यातून काही मिळणार नाही. तसंही मिळणार नव्हतं.

४. दुकान, इस्त्र्या, टेबल माझ्या थोरल्या मुलाचं. पण अट आहे.

पोरांचे वडील दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होते, धाकटी लांब वसतिगृहात. मी थोरल्याला म्हटलं, “तिला कळव.” तो म्हणाला, “नंतर सांगतो गं. आत्ता तिला कोण समजावणार?” ती आली तेव्हा सगळं उरकलं होतं. अजूनही ती सुट्टीत घरी आली आणि जेवताना आम्ही हसलो की विचारते, काय झालं? हा म्हणतो, नंतर. पोरगा कष्टाळू आहे, मनाने चांगला आहे. फक्त बहिणीशी बोलायचा कंटाळा.

म्हणून, मी गेल्यावर हे सगळं मृत्युपत्र थोरल्याने धाकटीला व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या हातांनी सांगायचं. दुभाषी नको, कागद दाखवायचा नाही. ‘समजलं’ असं ती म्हणेल त्या दिवशी दुकान त्याचं. तोवर किल्ली तिच्याकडे.

“आई, हे मला जमायचं नाही.”

“मग राहा तिचा नोकर.”

काल त्याने पहिलं कलम सांगून पाहिलं. धाकटीने फोनवरून त्याला लगेच थांबवलं. “खिशातला हात बाहेर काढ!” काढला बिचाऱ्याने. पुन्हा सुरुवात केली. अजून पहिल्याच कलमात आहे.

मला मरायची घाई नाही.

सही: इस्त्रीवाली
साक्षीदार: शेजारची शिवणवाली, समोरचा औषधवाला. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या. दोघांना यातलं काही मिळत नाही, चहा मिळाला.
स्थळ: दुकानातलं इस्त्रीचं टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सोमवार