अठ्ठावीस दात्यांचा गिअर

आबा,

आज दुकानात एक निवृत्त गृहस्थ आले होते. जुनी रेसिंगची सायकल, पुढे दोन दातेरी चक्रं, मागे पाच. म्हणाले, "बेटा, कसौली तक जाना है, गियर ज़रा हल्के कर दो." मी गाडी स्टँडवर टांगली, मागचे दाते मोजले, एकदा मोजून परत मोजले, आणि त्यांना सांगितलं की सामान नाही, दुसरीकडे बघा. सामान होतं. समोरच्या फळीवर होतं. ते गेल्यावर मी बराच वेळ हात पुसत बसलो, आणि आता तुम्हाला लिहितोय. तुम्ही गेल्याला या थंडीत अकरा वर्षं होतील.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा परत आलो, आणि सेक्टर बावीसमध्ये सरदारजींच्या सायकलच्या दुकानात काम शिकत होतो. तुम्ही फौजेतून फिटर म्हणून निवृत्त झाला होता आणि आपण दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पंजाबात रोज माणसं मरत होती. आई रेडिओचा आवाज आधी कमी करायची आणि मग बातम्या ऐकायची. अशा दिवसांत तुम्ही बदलीवर चाललेल्या एका मेजरसाहेबांकडून ती सायकल घेऊन आलात. "आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक घाटात चढवले," तुम्ही आईला म्हणालात, "एकदा सोताच्या पायानं चढतो. परवाणूच्या वर, धरमपूरपतुर. मग बसतो गप." आई म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते विसरला वाटतं." "न्हाई इसरलो. छातीला ताण नको म्हणाला. म्हणून तर गिअर हलका करून घेतोय." ती पोळ्या लाटत राहिली.

आपण ते काम स्वयंपाकघरात केलं, कारण उजेड तिथेच होता. तुम्ही पाटावर, मी जमिनीवर, मध्ये उलटी सायकल आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवलेली चेन. तुम्ही मला कोळशाने फरशीवर हिशेब मांडून दाखवलात. पुढचं लहान चक्र बेचाळीस दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं चोवीसचं. पायडल एकदा फिरलं की चाक पावणेदोनदा फिरणार. मागे अठ्ठावीसचं बसवलं तर दीडदाच फिरणार. "येळ जास्त लागंल, पण दम टिकंल," तुम्ही म्हणालात. "खंबाटकीला बैलाला कवा पळवतात का?" अठ्ठावीसवालं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या पाच चकत्यांचा जोड, सरदारजींनी लुधियान्याहून मागवून दिलं. माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "ओए मराठे, तेरे पापाजी ने पहाड़ चढ़ना है कि मोढे ते चुक्क के लियाणा है?" बापाला पहाड चढायचाय की तो खांद्यावर उचलून आणायचाय, असं विचारतात म्हणून तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकला लागला.

आणि मी घाई केली होती ते आठवतं का? फ्रीव्हील यायच्या आधीच मी नवी चेन जुन्या मापाने तोडून ठेवली. मोठ्या चकतीला ती आखूड पडली. तुम्ही ओरडला नाहीत. चेन माझ्या हातात देऊन म्हणालात, "पुढच्या मोठ्यावर आन् मागच्या मोठ्यावर टाकून बघायचं, वर दोन कड्या जास्त ठेवायच्या, आन् मग तोडायची. तोडलेली कडी परत उगवत न्हाई लेका." मी दुसरी चेन आणायला दुकानात गेलो. माझ्या प्रत्येक कामानंतर तुम्ही स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक स्क्रू पुन्हा बघायचात, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट त्यानंतरच झोप लागायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी चाक फिरवून पाचही गिअर लावून दाखवले. चेन शेवटच्या मोठ्या चकतीवर अलगद चढली. तुम्ही स्क्रूड्रायव्हर उचललात, आणि परत खाली ठेवलात. "आजपास्नं तुझं काम मी तपासत न्हाई," म्हणालात.

सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात. आई दाराशी येऊन हळूच म्हणाली, "तू तरी सांग रे त्यांना." मी तुम्हाला कधी काही सांगितलं होतं? मला वाटेतल्या गोळीबाराची भीती होती, मध्येच कर्फ्यू लागेल याची होती, पण सगळ्यात जास्त तुमच्या छातीची होती. वर चढावर तुम्ही कोसळलात तर मी कुणाला हाक मारणार? मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन सरकवणाऱ्या हाताला, एक छोटा स्क्रू असतो, चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे चाकाच्या आऱ्यांत जाऊ नये म्हणून. तो मी आत फिरवला. दोन फेरे. आता चेन चोवीसवर थांबणार होती. तुम्ही लवकर दमाल, परत फिराल, एवढंच मी धरून चाललो होतो.

मनीमाजऱ्याच्या नाक्यावर जवानाने आपल्याला थांबवलं. "कहाँ चले ताऊ?" "पहाड़ चढ़ने." "इन हालात में?" तुम्ही फौजेचं कार्ड काढलंत. तो हसला, सलाम ठोकला, "जाइए साहब, ऊपर हमारे लिए ठंडी हवा रख के आना." कालक्यापर्यंत तुम्ही गात होता. मी दुकानाच्या काळ्या सायकलवर मागे.

परवाणूच्या वर तिसरं वळण. तुम्ही गिअरचा दांडा ढकलता, परत ढकलता. शर्ट पाठीला चिकटलाय, घामामुळे चष्मा खिशात ठेवलाय. मी उतरून तुमच्या बाजूने सायकल ढकलत चालतोय. "शेवटचा लागंना का रे?" तुम्ही विचारता. मी वाकून बघतो. चेन चोवीसवर आहे, शेजारी अठ्ठावीस नवीकोरी चमकतेय. "लागलाय, आबा," मी म्हणतो, "हाच शेवटचा." तुम्ही आणखी वीस-पंचवीस हात जाता. मग पाय टेकता. बराच वेळ श्वास घेता आणि सीटवर हात ठेवून म्हणता, "गाडी झाली बरोबर. माणूसच उरला न्हाई."

तुम्ही परत त्या सायकलला हात लावला नाहीत. कामाच्या गोष्टी बोलणं सोडलंत, सरदारजींनी चहाला बोलावलं तरी गेला नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. आई मला म्हणायची, "बरं झालं, स्वतःच परत आले." जानेवारीत, छातीनेच, पलंगावर, तुम्ही गेलात. मी तुम्हाला चार महिने मिळवून दिले असं कधी कधी मनाशी म्हणून बघतो. ते तसले चार महिने. त्या काळात रोज एक वाक्य बोलायची संधी होती. सुपारी द्यायला यायचो, पाय चेपायचो, आणि उद्या सांगू म्हणून उठायचो. तेराव्यानंतर मी स्क्रू दोन फेरे मागे घेतला आणि पायडल फिरवलं. चेन पहिल्याच दणक्यात अठ्ठावीसवर गेली. आई आतून म्हणाली, "काय करतोस रे?" मी म्हटलं, "काही नाही, तेल घालतोय."

आता नाके उठलेत. माणसं रविवारी कसौलीला जातात आणि संध्याकाळी परत येतात. हे पत्र आईला दाखवणार नाही, तिला अजूनही बरं झालं असंच वाटतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी फाडून टाकीन. स्क्रूचं मी मनात पुष्कळदा कबूल केलंय. एक गोष्ट मात्र मनातही म्हटली नव्हती. त्या वळणावर तुम्ही पाय टेकलात तेव्हा मला दुःख झालं नाही, आबा. मला हायसं वाटलं.