ढोल्या विमानातून का उतरला नाही

ती. ताईस,

अंगावरच्या लाकडी भुशासकट साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नव्या गावचं पाणी मानवलं का? इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. तिघं म्हणजे मी, तुझी भावजय आणि ढोल्या. रविवारी तू विमानतळावर पट्टा हातात धरून उभी राहिलीस आणि विमानातून ढोल्या काही उतरला नाही, त्याची साद्यंत हकिगत कळवायला हे पत्र लिहितोय. फोनवर सांगितली असती, पण तू सारखी ‘मुद्द्यावर ये’ म्हणतेस, आणि मुद्द्यावर आलो की माझं काही उरत नाही.

ढोल्या तुझा, हे मला मान्य आहे. बदलीच्या धांदलीत तू त्याला ‘घर मिळेपर्यंत सांभाळ’ म्हणून आमच्याकडे सोडलंस, आता घर मिळालं, तेव्हा त्याला धाडणं माझं कर्तव्यच. म्हणून मी विमान कंपनीत फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. पिंजऱ्यात कुत्र्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे, वारा खेळला पाहिजे, पाण्याचं भांडं आतून पक्कं बसवलेलं पाहिजे, असं सगळं सांगून शेवटी म्हणाल्या, बाजारात तयार मिळतो. आता उभा जन्म कपाटं करण्यात घालवलेल्या माणसाला तयार पिंजरा घ्यायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला खाणावळीचा पत्ता देणं. तरी राग गिळून मी आणखी चौकशी केली. सामानाच्या कप्प्यात ऊब असते का? (जनावर असलं की ठेवतात म्हणे.) खाली कुत्रा आहे हे वैमानिकाला सांगतात का? (सांगतात.) वैमानिकाच्या घरी स्वतःचा कुत्रा आहे का? इथे फोन कटला. लाइन खराब असावी.

मग मापं घ्यायला बसलो. फूटपट्टी पाहिली की ढोल्या आडवा होतो, हे तुला ठाऊकच असेल. उभ्याचं माप मिळेना, म्हणून झोपलेल्याचं घेतलं, तेही चारी पाय ताणलेले, मान लांब आणि शेपूट सरळ धरून. त्यात माझी जुनी खोड अशी, की कपाट थोडं सैलच करायचं. (कपाट लहान पडलं असं गिऱ्हाईक निदान तोंडावर सांगतं. कुत्रा बिचारा कुणाला सांगणार?) चारी बाजूंना भोकं पाडली, कोपरे घासून गोल केले आणि दाराला अशी पितळी कडी लावली, की आतून कितीही धडका मारल्या तरी उघडायची नाही. काम बघून मीच माझ्या पाठीवर थाप मारली.

जनावरांच्या डॉक्टरांकडे ढोल्यासाठी झोपेची गोळी मागितली, तर त्यांनी मलाच झाडलं. विमानात गोळीने श्वास अडकून कुत्र्याच्या जिवावर बेततं, त्यापेक्षा आधीपासून पेटीची सवय लावा, आत ओळखीच्या माणसाचा वापरलेला कपडा घाला, म्हणाले. मी माझा बनियन घातला. ढोल्याने तो तोंडात धरून बाहेर आणून ठेवला. मग तुझी जुनी शाल घातली, तर पठ्ठ्या आत जाऊन घोरायलाच लागला. ताई, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तरी आतून हवा पुरेशी लागते का, हे बघायला नको? एका दुपारी ढोल्या अंगणात असताना मी स्वतः आत शिरलो. हवा उत्तम. इतकी उत्तम, की तुझ्या शालीवर मला डोळा लागला. तुझ्या भावजयीने घोरणं ऐकलं, ‘शहाणं गं माझं बाळ’ म्हणाली (मला लग्नापासून असं कधी म्हणालेली नाही), बाहेरून कडी घातली आणि भाजी आणायला गेली. जाग आली तेव्हा भोकापलीकडे ढोल्या बसलेला, आणि त्याच्या मागे कपाटाची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक. मी आतून ‘या, बसा’ म्हटलं. त्या गृहस्थाने कडी काढली, नमस्कार केला आणि कपाट दुसरीकडे करायला टाकलं.

आता रविवार. टेम्पो दारात उभा, ढोल्या पेटीत, आणि पेटी काही दारातून बाहेर पडेना. उभी केली, आडवी केली, तिरकी केली. ‘आधी दाराचं माप घ्या’ असं मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर बजावत आलोय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं. मी चौकट काढायला घेतली, ती निघाली तेव्हा वरून विमान चाललं होतं. ते आपलंच असावं. ढोल्या या सगळ्यात एकदाही उठला नाही. एकंदरीत त्याच्या सुखाचा आणि सुरक्षिततेचा विचार करता, तूर्त घाई नको असं माझं मत पडतं. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तो इथेच राहिला तर तुझी फार गैरसोय होईल का? हल्ली काम कमी आहे. दिवसभर रंधा मारताना बोलायला कुणीतरी लागतं, आणि तुझ्या भावजयीने माझं सगळं ऐकून झालंय. पण तुझा फोन आला की तो कान टवकारतो आणि तू सापडतेस का म्हणून फोनच्या मागे जाऊन बघतो. हे तुला सांगणार नव्हतो.

ता. क. ताई, मी तुमची भावजय. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. डॉक्टरांकडून बेताचा पिंजरा आणलाय, ढोल्या त्यात आनंदाने झोपतो. येत्या रविवारी आम्ही निघतोय, ढोल्या खाली आणि आम्ही दोघं वर. ढोल्या तुमच्याकडेच राहील, यांना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही एवढंच करा, मी परत निघेन तेव्हा यांना थोडे दिवस तिथेच ठेवून घ्या. ढोल्याला पिंजऱ्याची सवय लागली. यांना ढोल्यावाचून राहायची लागायची आहे, आणि डॉक्टर म्हणतात, सवय हळूहळूच लावावी.