पोचेपर्यंत जिवंत

मंगळवार, ४ मार्च
सात मेली! ऐंशी डुकरं भरली, त्र्याहत्तर चालत उतरली. कत्तलखान्याच्या फाटकावरचा मुकादम दात काढत म्हणाला, "आमचं काम तूच उरकून आणतोस की!" एक मादी अजून पाय झाडत होती. तोंडाला फेस. मी नुसता बघत उभा. मालकांनी फोनवर बजावलं — अजून एक खेप अशी आली, तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

अकरा वर्षं चालवतोय. बाबांनीच मला इथे चिकटवलं. मालकांच्या फार्मवर ते डुकरं वाढवतात, मी ती पोचवतो.

बुधवार, ५ मार्च
डोकं चालत नाही. डुकराला घाम सुटत नाही, उभ्या गाडीत ती उकडून मरतात, म्हणून गाडी कुठेच थांबवली नव्हती. चहालासुद्धा नाही! पाणी मारलं होतं. अनोळखी डुकरं एकत्र कोंबली नव्हती — ती एकमेकांना फाडतात. मग चुकलं कुठे?

गुरुवार, ६ मार्च
जनावरांच्या डॉक्टरबाईंनी एक मेलेलं डुक्कर फाडून पाहिलं. पोट गच्च भरलेलं! म्हणाल्या, "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं असतं हो. भरल्या पोटी ऊन आणि हादरे सोसत नाहीत. श्वास कोंडतो, हृदय बंद पडतं. खायला घातलं कोणी?"

मला काय माहीत!

शनिवार, ८ मार्च
कळलं. आज गाडी भरायची म्हणून पहाटेच फार्मवर गेलो. बाबा बादली घेऊन कप्प्याकप्प्यातून फिरत होते. भिजवलेला मका. एकेकाच्या पाठीवर थाप मारत.

"सहा महिने या हातांनी घातलंय. शेवटच्या दिवशी उपाशी धाडू? इतकी वर्षं धाडली, आता नाही होत रे माझ्याच्याने."

"बाबा, त्यानेच मरतात ती!"

"मरायलाच चाललीत ना?"

त्या मादीचं सांगितलं, फेसासकट. बाबांनी ऐकून घेतलं आणि उरलेली बादलीही ओतली! अंगाची लाही लाही झाली. रडूही आलं. टायर पंक्चर झाल्याचं सोंग केलं, गाडी भरलीच नाही.

रविवार, ९ मार्च
बापाचं नाव कसं घ्यायचं? पण किल्ली गेली तर घर कसं चालायचं? बाबा माझ्याशी बोलत नाहीत. सकाळीच कुठेतरी बाहेर गेले.

सोमवार, १० मार्च
मालकांना फोन केला. बाबांचं नाव घेऊन मोकळा झालो. मालक म्हणाले, "अरे, तुझे बाबा कालच येऊन सांगून गेले. काम सोडलं त्यांनी. म्हणाले, पोराची किल्ली तेवढी काढू नका."